दोन देशांची संसर्गजन्य आजारांवरची सेवा व्याप्ती कशी ताडून पाहावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पत्रकार आणि आरोग्य संस्थांत काम करणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील अशी लिहिली आहेत. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्याप्तीचा प्रत्येक आकडा हा अपूर्णांक असतो. बहुतेक घोटाळे त्याच्या छेदात होतात आणि वाचणाऱ्याचं लक्ष मात्र अंशावर असतं.

१. ‘संसर्गजन्य आजारांची सेवा व्याप्ती’ यात नेमकं काय मोजतात?

शाश्वत विकास ध्येयांत ३.८.१ या क्रमांकाचा एक निर्देशक आहे : सार्वत्रिक आरोग्य सेवेची व्याप्ती. तो १४ मापकांवरून काढतात आणि त्यांचे चार गट केलेले आहेत. माता-बाल आरोग्य, संसर्गजन्य आजार, असंसर्गजन्य आजार, आणि सेवेची क्षमता व उपलब्धता. संसर्गजन्य आजारांच्या गटात चार मापकं येतात. क्षयरोगाचे किती रुग्ण सापडून उपचारावर आले, एचआयव्हीसह जगणाऱ्या किती जणांना एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी औषधं) मिळते, मलेरियाच्या भागातले किती लोक कीटकनाशकयुक्त मच्छरदाणीत झोपतात, आणि किती लोकांकडे किमान मूलभूत शौचालय आहे.

डेंग्यू, कॉलरा, हिपॅटायटिस, कुष्ठरोग यांतलं काहीच यात थेट मोजलं जात नाही. हे चार म्हणजे शिजलं का ते पाहायला चिमटीत घेतलेली शितं. भाताच्या साऱ्या पातेल्याचा अंदाज त्यावरून बांधायचा असतो, पण तो अंदाजच असतो. एखाद्या देशाने हिपॅटायटिस सी वर मोठी मोहीम राबवली तरी हा आकडा जागचा हलणार नाही.

२. निर्देशांक ६८ आहे म्हणजे ६८ टक्के लोकांना सेवा मिळते, असं लिहिलं तर चालेल का?

नाही. मापकं टक्क्यांत असतात, पण त्यांचा मध्य काढल्यावर जे उरतं ते टक्के नसतात, ० ते १०० या पट्टीवरचे गुण असतात. ‘व्याप्ती निर्देशांक ६८’ किंवा ‘१०० पैकी ६८ गुण’ असं लिहावं. ‘६८ टक्के जनतेला सेवा’ हे वाक्य चुकीचंच आहे, कारण अशी ६८ टक्के माणसं कुणी मोजलेली नाहीत.

३. संसर्गजन्य आजारांच्या गटाचा उपनिर्देशांक हाताने काढता येतो का?

येतो, साध्या कॅल्क्युलेटरवर. या गटाचा आकडा म्हणजे मापकांचा भूमितीय मध्य. तीन मापकं असली तर त्यांचा गुणाकार करून घनमूळ काढायचं, चार असली तर चौथं मूळ, म्हणजे वर्गमूळ दोनदा.

देश ‘क’ : क्षयरोग ८०, एआरटी ८०, शौचालय ८०. भूमितीय मध्य ८०.
देश ‘ख’ : क्षयरोग ९५, एआरटी ९५, शौचालय ५०. बेरीज करून तिनाने भागलं तर इथेही ८०च येतात. भूमितीय मध्य मात्र ७६.७ येतो, कारण ९५ × ९५ × ५० = ४,५१,२५० आणि त्याचं घनमूळ ७६.७.

एका सेवेतली खोट दुसऱ्या सेवेच्या जोरावर भरून काढता येऊ नये, म्हणून ही पद्धत. त्यामुळे दोन देशांत फरक दिसला की निर्देशांकाकडे बघत बसू नका. आधी प्रत्येकाचं सगळ्यांत लंगडं मापक कोणतं ते पाहा. बहुतेक वेळा फरकाचं उत्तर तिथेच सापडतं.

दोन खबरदाऱ्या आहेत. एखादं मापक १०० च्या वर गेलं तर १००च धरा (असं का होतं ते प्रश्न ९ मध्ये आहे). आणि शून्य आलं तर गुणाकारच शून्य होतो, म्हणून हिशोबापुरतं १ धरून तशी टीप द्या.

४. आकडे कुठून घ्यावेत, आणि कोणत्या वर्षाचे?

एकत्रित निर्देशांक आणि गटवार उपनिर्देशांक जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ग्लोबल हेल्थ ऑब्झर्व्हेटरी’ या विदासंग्रहात मिळतात. सुट्या मापकांसाठी मूळ स्रोतापर्यंत जा. क्षयरोगासाठी त्याच संघटनेचा वार्षिक जागतिक क्षयरोग अहवाल, एचआयव्हीसाठी यूएनएड्स हा संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम, मच्छरदाण्यांसाठी जागतिक मलेरिया अहवाल, शौचालयांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त देखरेख कार्यक्रम, म्हणजे जेएमपी.

वर्षापेक्षा आवृत्तीला जास्त जपा. सार्वत्रिक आरोग्य सेवेच्या २०२३ च्या अहवालात जगाचा एकूण निर्देशांक २००० साली ४५ आणि २०२१ साली ६८ होता. २०२५ च्या अहवालात २००० साठी ५४ आणि २०२३ साठी ७१ छापले आहेत. २००० हे वर्ष तेच, आकडे दोन. मधल्या काळात पद्धत बदलली आणि जुनी वर्षंही नव्याने मोजली गेली. तरीही एका अहवालातले ४५ आणि दुसऱ्यातले ७१ घेऊन ‘२६ गुणांची झेप’ लिहिलेले लेख सापडतात. दोन्ही देशांची सगळी वर्षं एकाच आवृत्तीतून घ्या आणि आकडा ज्या तारखेला उतरवला ती तारीख नोंदवून ठेवा.

५. लसीकरण कुठे दिसत नाही. ते संसर्गजन्य आजारांत नको का?

तर्काने हवं. पण या मांडणीत त्रिगुणी लसीचा तिसरा डोस माता-बाल आरोग्याच्या गटात ठेवला आहे. न्यूमोनियाची लक्षणं दिसलेल्या मुलाला दवाखान्यात नेलं का, हे मापकही तिथेच आहे. साथींशी लढायची तयारी क्षमतेच्या गटात मोजली जाते, आणि तीही देशांनी स्वतःच भरलेल्या वार्षिक प्रश्नावलीवरून.

लसीकरण जोडायचंच असेल तर ते वेगळा स्तंभ म्हणून दाखवा, उपनिर्देशांकात मिसळू नका. आकडे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून दर जुलैत प्रसिद्ध करतात ते घ्या, देशांनी कळवलेले प्रशासकीय आकडे घेऊ नका. प्रशासकीय आकड्यात अंश असतो दिलेले डोस आणि छेद असतो जुन्या जनगणनेवरून पुढे ढकललेली बालकांची संख्या. १०४ टक्के लसीकरण तिथूनच येतं. गळती पाहायची असेल तर पहिल्या डोसमधून तिसरा वजा करून पहिल्याने भागा. पहिला ९० आणि तिसरा ७२ असेल तर गळती २० टक्के.

६. क्षयरोगाची व्याप्ती काढताना अंश-छेद कोणते धरतात? राष्ट्रीय डॅशबोर्डवरून काढली की जास्त येते.

अंश : त्या वर्षात नोंद होऊन उपचारावर आलेले नवे आणि पुन्हा उलटलेले रुग्ण.
छेद : त्याच वर्षात आजारी पडलेल्यांचा अंदाज.

डॅशबोर्डवरून जास्त येण्याचं नेहमीचं कारण नोंदवहीतल्या एका रकान्यात असतं. क्षयरोगाच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे प्रकार लिहितात : नवा, उलटलेला, उपचार मध्येच सोडून परत आलेला, उपचार अयशस्वी ठरलेला. यातले पहिले दोनच अंशात जातात. उरलेले त्याच आजारपणात पुन्हा औषधावर आलेले असतात, ते नव्याने आजारी पडलेले नसतात. डॅशबोर्डवरच्या ‘एकूण नोंदी’त मात्र सगळे मिळवलेले असतात.

खरी अडचण छेदाची आहे. वर्षभरात किती जण आजारी पडले हे कुणी मोजत नाही, ते अनुमानच असतं. कुठे मोठ्या प्रादुर्भाव सर्वेक्षणावरून (लोकांना तपासून त्यांत किती रुग्ण आहेत ते पाहणारं सर्वेक्षण), कुठे नोंदींच्या मॉडेलवरून, कुठे तज्ज्ञांच्या मतावरून. त्यामुळे दोन देश ताडताना पहिला प्रश्न हाच हवा : दोघांचा छेद एकाच रीतीने काढलाय का? एकाने गेल्या दहा वर्षांत सर्वेक्षण केलेलं असेल आणि दुसऱ्याने कधीच नाही, तर पहिल्याची व्याप्ती बरेचदा खाली दिसते. सर्वेक्षणात आधी न सापडलेले रुग्ण बाहेर येतात, म्हणून छेद वाढतो. ज्याने शोधलं त्याला शिक्षा आणि ज्याने पाहिलंच नाही त्याला शाबासकी, असा हा उफराटा प्रकार आहे.

खासगी दवाखान्यांचाही विचार करा. तिथे औषधं सुरू असलेला पण सरकारी यादीत न आलेला रुग्ण या हिशोबात ‘उपचार न मिळालेला’ ठरतो. नोंद सक्तीची झाली की व्याप्ती दोन-तीन वर्षांत भराभर चढते. त्यात नवे उपचार किती आणि नव्या नोंदी किती, हे आकडा सांगत नाही.

७. एकाच देशाचा एकाच वर्षाचा आकडा दोन अहवालांत वेगळा कसा?

दरवर्षी मागची सगळी मालिका नव्याने काढतात म्हणून. भारताचं २०१५ हे वर्ष घ्या. २०१६ च्या जागतिक क्षयरोग अहवालात त्या वर्षाचे नवे रुग्ण सुमारे २८ लाख धरले होते. त्याच्या आदल्या अहवालात २०१४ साठी २२ लाख होते. म्हणजे खासगी क्षेत्रातल्या रुग्णांचे पुरावे हाती आल्यावर एका फटक्यात सहा लाखांची भर पडली. सुमारे १६.७ लाख नोंदींवर व्याप्ती आली ५९ टक्के. पुढे २०१९ ते २०२१ दरम्यान राष्ट्रीय प्रादुर्भाव सर्वेक्षण झालं आणि मालिका पुन्हा बदलली. आता त्याच २०१५ साठी ५३ टक्के धरतात आणि २०२४ साठी ९२ टक्क्यांच्या वर.

२०१५ साली उपचार घेतलेल्या माणसांची संख्या या सगळ्यात बदललेली नाही. म्हणून तुलनेत ‘२०१५ : ५९’ आणि ‘२०२४ : ९२’ शेजारी ठेवू नका. ५९ बरोबर त्याच अहवालातले इतर देश ठेवता येतात, ९२ बरोबर ५३ ठेवावे लागतात.

८. बऱ्याच श्रीमंत देशांची क्षयरोग व्याप्ती नेमकी ८७ टक्केच कशी?

कारण ती मोजलेली नसते, गृहीत धरलेली असते. या देशांत नोंदींची यंत्रणा भक्कम आहे असं मानून नोंदवलेल्या रुग्णांत एक ठरावीक भर घालतात आणि तोच ‘अंदाजे रुग्ण’ हा छेद होतो. उलट भागलं की सगळ्यांची व्याप्ती ८७ च्या जवळ येते, अनिश्चिततेचा पल्ला ७५ ते १००. अमेरिकेच्या नावापुढे वर्षानुवर्षं ८७ दिसतं ते यामुळे.

यातून दोन गोष्टी पाळा. असे दोन देश क्षयरोग व्याप्तीवर एकमेकांशी ताडूच नका, तुम्ही ८७ ला ८७ शी ताडत असता. आणि एखाद्या मध्यम उत्पन्नाच्या देशाची व्याप्ती ९० वर गेली म्हणून ‘अमेरिकेला मागे टाकलं’ असा मथळा देऊ नका. एचआयव्हीतही कित्येक श्रीमंत देश एआरटीचा आकडा प्रसिद्ध करत नाहीत आणि तिथे निर्देशांकासाठी अंदाजाने भरलेला आकडा वापरला जातो. एखाद्या देशाचं मापक ‘मोजलेलं’ की ‘भरलेलं’, हे अहवालाच्या परिशिष्टात शोधा.

९. नोंदी अंदाजापेक्षा जास्त आल्या. व्याप्ती १०८ टक्के लिहू का?

निर्देशांकात १००, आणि मजकुरात कारण. कारणं साधारण तीन. छेद कमी धरला गेला. एकच रुग्ण दोन ठिकाणी नोंदला गेला. किंवा जो क्षयरोग नव्हताच तो क्षयरोग म्हणून नोंदला गेला. तिसरं तपासायला फुप्फुसाच्या क्षयरोगात जिवाणू-तपासणीने निदान पक्कं झालेल्यांचं प्रमाण पाहा. दोन देशांची व्याप्ती सारखी असून एकाचं हे प्रमाण ८५ टक्के आणि दुसऱ्याचं ४५ असेल, तर दुसऱ्याकडे निम्म्याहून जास्त रुग्ण केवळ क्ष-किरण आणि लक्षणांवर औषधावर चढवले जातात. त्या दोन व्याप्ती एका मोलाच्या नाहीत.

१०. ९५-९५-९५ गाठलेल्या देशाची एआरटी व्याप्ती ९५ टक्के धरायची ना?

हा गोंधळ सर्वांत जास्त वेळा होतो. तीन ९५ ही एचआयव्हीच्या उद्दिष्टांची उतरंड आहे आणि प्रत्येक पायरीचा छेद वेगळा आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना आपली स्थिती माहीत असावी, माहीत असणाऱ्यांपैकी ९५ टक्के औषधावर असावेत, औषधावर असणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. निर्देशांकात मात्र छेद एकच आहे : एचआयव्हीसह जगणारे सगळे. म्हणून पहिल्या दोघांचा गुणाकार करायचा. ०.९५ × ०.९५ म्हणजे ९०.२५ टक्के. विषाणू दबलेल्यांचं प्रमाण हवं असेल तर तिन्ही गुणा, उत्तर ८५.७.

बोत्सवानाच्या २०२१ च्या सर्वेक्षणात प्रौढांसाठी ९५-९८-९८ आलं. तिथली एआरटी व्याप्ती ९८ नाही, ९५ × ९८ म्हणजे सुमारे ९३. उलटी चूक याहून वाईट : एका देशाचा दुसरा ‘९५’ घ्यायचा आणि दुसऱ्याची एकूण व्याप्ती घ्यायची. ८८ विरुद्ध ७९ असा फरक दिसतो आणि खाली छेद वेगळे निघतात.

अंशाचीही एक मेख आहे. ‘सध्या औषधावर’ कुणाला म्हणायचं? औषध न्यायची तारीख चुकली की २८ दिवसांनी नाव वगळणारे कार्यक्रम आहेत, पूर्वी ९० दिवस थांबत असत. ज्या वर्षी नियम २८ दिवसांचा झाला त्या वर्षी अंश खाली घसरतो. सेवा तेवढीच असते, यादी स्वच्छ झालेली असते. एक माणूस दोन केंद्रांत दोन नावांनी असला तर अंश फुगतो. आलेखात अचानक पायरी दिसली की आधी व्याख्या बदलली का ते पाहा.

मुलांचे आकडे वेगळे काढा. जगभरात एकूण व्याप्ती २०२३ मध्ये ७७ टक्के होती आणि मुलांची ५७. एकूण आकडा सारखा असलेल्या दोन देशांत इथे मोठी दरी निघते.

११. २०१० च्या सुमाराच्या जुन्या अहवालात एआरटी व्याप्ती आजच्या मालिकेपेक्षा जास्त कशी?

तेव्हा छेदात फक्त ‘उपचारास पात्र’ लोक असत. पात्रता सीडी४ या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींच्या संख्येवर ठरे, संख्या मर्यादेखाली असली तरच उपचार. जागतिक आरोग्य संघटनेची उंबरठ्याची मर्यादा आधी २००, मग २०१० पासून ३५०, २०१३ पासून ५०० होती. २०१५ मध्ये संघटनेने निदान होताच सर्वांना उपचार द्या अशी शिफारस केली. उंबरठा वर सरकला की छेद वाढतो आणि व्याप्ती आपोआप पडते. आजच्या मालिकेत जुन्या वर्षांनाही ‘सगळे’ हाच छेद लावलेला असतो. जुने छापील अहवाल इतिहास म्हणून वाचा, आकडे उचलू नका.

१२. एका देशात मलेरिया आहे, दुसऱ्यात नाही. तुलना कशी करायची?

मच्छरदाणीचं मापक सगळ्यांना लागू नाही. ते मलेरियाचा भार जास्त असलेल्या देशांपुरतं, मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेपुरतं धरतात. बाकीच्यांचा उपनिर्देशांक तीनच मापकांवर उभा असतो. श्रीलंका २०१६ मध्ये आणि चीन २०२१ मध्ये मलेरियामुक्त प्रमाणित झाले. त्यांना मच्छरदाण्या मोजायचं कारणच नाही.

याचा परिणाम केवढा? समजा एका देशात क्षयरोग ७०, एआरटी ८५, शौचालय ४५ आणि मच्छरदाणी ४०. चारही धरले तर ५७.२. पहिले तीनच धरले तर ६४.५. सात गुणांचा फरक, आणि सेवेत काडीचा बदल नाही. तुमच्या जोडीतला दुसरा देश मलेरियाबाहेरचा आणि ६३ वर असेल तर कोण पुढे हे केवळ या नियमावर ठरतं.

उपाय सोपा आहे. दोघांचाही तीन मापकांचा आकडा स्वतः काढून शेजारी द्या आणि मच्छरदाणी वेगळ्या ओळीत दाखवा. अधिकृत उपनिर्देशांकही द्या, पण त्याखाली ‘एकाची चार मापकं, दुसऱ्याची तीन’ अशी ओळ हवीच. आणखी एक : ज्या देशांत मुख्य भर घरात औषध फवारण्यावर आहे, तिथे मच्छरदाणीचं मापक कमी दिसेल. फवारणी त्यात मोजली जात नाही.

१३. घरोघर मच्छरदाण्या वाटल्या, तरी व्याप्ती ५० च्या खाली का?

वाटप मोजत नाहीत, झोप मोजतात. सर्वेक्षक घरात जातो, मच्छरदाणी दाखवा म्हणतो, तिच्या कडेची पट्टी वाचून ती कोणत्या बनावटीची आहे ते लिहितो आणि विचारतो, ‘काल रात्री हिच्यात कोण-कोण झोपलं?’ नाव आलं तरच माणूस अंशात जातो. ट्रंकेत घडी घालून ठेवलेली नवीकोरी मच्छरदाणी शून्य मोलाची.

म्हणून दोन आकडे वेगळे ठेवा. उपलब्धता, म्हणजे दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हा हिशोब धरून किती जणांना जागा आहे. आणि वापर. वापर भागिले उपलब्धता ०.९ असेल तर लोक वापरतात आणि तुटवडा मच्छरदाण्यांचा आहे. ०.५ असेल तर मच्छरदाण्या आहेत पण लोक वापरत नाहीत. या दोन देशांना लागणारे उपाय अगदी वेगळे आहेत, पण मापक दोघांचंही ४० असू शकतं.

सर्वेक्षणाचा महिनाही पाहा. पावसाळ्यात डास असतात, मच्छरदाण्या लावल्या जातात. कोरड्या उकाड्यात लोक अंगणात झोपतात. एका देशाचं सर्वेक्षण पावसात आणि दुसऱ्याचं उन्हाळ्यात झालं असेल तर तुलना ऋतूंची होते. मोठ्या वाटपाच्या मोहिमा साधारण तीन वर्षांनी होतात, तेव्हा मोहिमेनंतर किती महिन्यांनी विचारलं तेही लिहा.

१४. शौचालय हा आजारावरचा उपचार नाही. आणि सरकारचा आकडा जेएमपीपेक्षा नेहमी जास्त का असतो?

ते प्रतिबंधाचं मापक म्हणून घेतलं आहे. हगवण, कॉलरा, जंत यांचा रस्ता तिथूनच जातो. ते आरोग्य खात्याच्या हातात नसतं हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आरोग्य सेवा म्हणून वाचताना सुटा आकडा जवळ ठेवावा.

फरक एका शब्दाचा आहे : सामायिक. ‘मूलभूत’ म्हणजे सुधारित प्रकारचं (मैल्याशी माणसाचा संपर्क येऊ न देणारं) शौचालय, आणि ते दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून न घेतलेलं. तेच शौचालय दोन बिऱ्हाडं वापरत असली की ते ‘मर्यादित’ या खालच्या पायरीवर जातं. चाळी-वस्त्यांचा देश इथे मार खातो. शिवाय सरकारी यंत्रणा बांधकाम मोजते, सर्वेक्षण वापर मोजतं. भारताच्या ग्रामीण भागाला ऑक्टोबर २०१९ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर केलं गेलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुधारित आणि सामायिक नसलेलं शौचालय वापरणाऱ्या घरांत राहणाऱ्यांचं प्रमाण ७०.२ टक्के निघालं. प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरंही वेगळी.

‘सुरक्षित व्यवस्थापित’ ही याहून वरची पायरी आहे, तिथे मैल्याची विल्हेवाटही मोजतात. एका देशाची ‘मूलभूत’ आणि दुसऱ्याची ‘सुरक्षित’ अशी सरमिसळ होऊ देऊ नका.

१५. कोविडची वर्षं वगळावीत का?

वगळू नका, पण त्यांवर निष्कर्ष टांगू नका. जगात क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मध्ये ७१ लाख होत्या, २०२० मध्ये ५८ लाखांवर आल्या, २०२१ मध्ये ६४ लाख, २०२२ मध्ये ७५ लाख. टाळेबंदीत रुग्ण कमी झाले नव्हते, ते खोकत घरात बसले होते. २०२२ नंतरच्या उसळीत काही मागचे साचलेले रुग्णही आहेत. दोन देशांतली टाळेबंदी वेगळ्या लांबीची असते, म्हणून २०२१ च्या एकट्या बिंदूवर तुलना करणं धोक्याचं. २०१९ चा बिंदू शेजारी ठेवाच.

१६. दोन देशांत ३ गुणांचा फरक आहे. तो खरा मानायचा का?

बहुधा नाही. निर्देशांकाच्या तक्त्यात सहसा एकच आकडा छापलेला असतो, त्याच्या पोटातली अनिश्चितता दिसत नाही. हिशोब करून पाहा. नोंदी ६०,००० आहेत. अंदाजे रुग्ण ८०,०००, पल्ला ६०,००० ते १,०३,०००. मग व्याप्ती ७५ टक्के, पण पल्ला ५८ ते १००. लक्षात घ्या की छेदाची वरची कड व्याप्तीची खालची कड होते, इथे घाईत अदलाबदल होते. आता एआरटी ८० आणि शौचालय ६० जोडा. मधला उपनिर्देशांक ७१.१, खालचा ६५.३, वरचा ७८.३. फक्त एका मापकाच्या अनिश्चिततेने १३ गुणांचा पल्ला.

त्यामुळे तीन-चार गुणांच्या फरकावर ‘पुढे’, ‘मागे’ हे शब्द वापरू नयेत असं आमचं मत आहे. दहा-बारा गुणांचा फरक असेल आणि तिन्ही मापकांत दिशा एकच असेल, तर बोलायला जागा आहे.

१७. कोणता देश जास्त वेगाने सुधारला, हे कसं ठरवायचं?

नुसती वजाबाकी केली तर खालून सुरुवात करणारा नेहमी जिंकतो. ४० वरून ६० वर गेलेल्याने २० गुण कमावले, ८० वरून ९० वर गेलेल्याने १०. पण उरलेल्या अंतराच्या हिशोबाने पहिल्याने ६० पैकी २० म्हणजे ३३ टक्के अंतर कापलं आणि दुसऱ्याने २० पैकी १० म्हणजे ५० टक्के. शेवटचे रुग्ण सापडायला सर्वांत अवघड असतात. दोन्ही रीती द्या, आणि कोणती वापरली ते सांगा.

सोबत माणसंही मोजा. १० लाख रुग्णांपैकी ९० टक्के व्याप्ती म्हणजे १ लाख माणसं बाहेर. ५,००० पैकी ६० टक्के म्हणजे २,००० माणसं बाहेर. निर्देशांक दुसऱ्याला मागे ठेवतो. औषधांची मागणी करणाऱ्याला मात्र पहिला आकडा झोप लागू देणार नाही.

१८. व्याप्ती जास्त असूनही मृत्यू कमी का होत नाहीत?

व्याप्ती म्हणजे दारातून आत येणं. बरं होणं वेगळं. क्षयरोगात उपचार यशाचा आकडा स्वतंत्र असतो आणि तो आदल्या वर्षी उपचार सुरू केलेल्यांचा असतो, कारण औषधं किमान काही महिने चालतात. दोघांचा गुणाकार केला की ढोबळ परिणामकारक व्याप्ती मिळते : ९० × ८५ म्हणजे ७६.५, आणि ८० × ९५ म्हणजे ७६. कागदावर दहा गुणांनी मागे असलेला देश इथे बरोबरीला येतो. औषधप्रतिरोधी क्षयरोगाची व्याप्ती वेगळी काढावी लागते, ती एकूण आकड्यात बुडून जाते.

खिशाचा प्रश्न तर या निर्देशकात नाहीच. तो ३.८.२ मध्ये आहे. क्षयरोगात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त खर्च झाला, बुडालेली मजुरीही त्यात धरून, तर त्याला विनाशक खर्च म्हणतात. सेवा मिळाली आणि घर विकावं लागलं, तरी ३.८.१ मध्ये तो माणूस ‘व्याप्तीत’ असतो.

१९. जोडीतला एक देश अगदी छोटा आहे, किंवा मधल्या काळात सीमा बदलल्या. मग?

छोट्या बेटांवर वर्षाला पाच-सात रुग्ण असतात. एक रुग्ण चुकला की व्याप्ती १५-२० टक्क्यांनी हलते. तिथे तीन किंवा पाच वर्षांच्या नोंदींची बेरीज आणि त्याच वर्षांच्या अंदाजांची बेरीज घेऊन एकच भागाकार करा. वर्षवार टक्क्यांची सरासरी घेऊ नका.

कामासाठी सीमेपलीकडे जाणारे लोक जास्त असतील तर माणूस एका देशाच्या छेदात आणि दुसऱ्याच्या अंशात पडतो. पाठवणाऱ्याची व्याप्ती खाली जाते, घेणाऱ्याची वर. अशा शेजाऱ्यांची तुलना करताना दोघांचा मिळून आकडाही काढावा.

सीमा बदलल्या असतील तर जुनी वर्षं सोडलेली बरी. दक्षिण सुदान जुलै २०११ मध्ये वेगळा झाला. त्याआधीची ‘सुदान’ नावाची आकडेवारी दोन्ही भागांची असू शकते, आणि आजच्या सुदानशी ती जोडली तर मधे जी पायरी दिसते ती नकाशाची असते. तिथे तुलना २०१२ पासून सुरू करा.